पोफळीआडची बाई

साखळी,
६ ऑक्टोबर २०२३

प्रिय विनू,

हातात फोन असताना ही बया पत्र का लिहिते, म्हणून हसू नकोस. फोनवर बोलायला लागले की सासूबाई जनेलाच्या गजांना कान लावून उभ्या राहतात, आणि व्हॉट्सअपवर लिहिलं तर राणी माझ्याआधी वाचते. दहा वर्षांची पोर, पण तिला सगळ्या जगाची खबर हवी असते. तू मस्कतचं हॉस्पिटल सोडून पेडण्यात नोकरीला आलीस, वर्ष होत आलं, आणि अजून एकदाही माझ्या घरी आली नाहीस. तो राग आहेच, पण तो पुढच्या पत्रात. आज त्याहून मोठा राग आहे.

विनू, आमच्या ह्यांचं बाहेर काहीतरी चाललं आहे. आमच्या वाड्यावर दासू म्हणजे गरीब गाय, मान वर करून बोलत नाही, अशी ख्याती. त्याच दासूची बायको तुला हे लिहिते आहे.

गणपतीच्या चवथीच्या आधीपासून हे पडवीत निजतात. मी विचारलं तर म्हणाले, "म्हज्या खोकल्यान तुजी न्हीद मोडटा गो, हांव भायरच बरो." खोकला आहे, नाही असं नाही. स्वतःचा ट्रक घेण्याआधी शिरगावच्या खाणीवर टिप्पर चालवायचे, तिथली धूळ छातीत बसलेली आहे. आमच्याकडे निम्मे पुरुष असेच खोकतात. पण म्हणून बायकोला सोडून पडवीत जायचं? मग ताट वेगळं केलं. पेला वेगळा केला. राणी जवळ गेली की तोंड फिरवतात. आणि वाळलेत किती म्हणून सांगू! लग्नातली शेरवानी आज घातली तर आत आणखी एक माणूस मावेल.

आता खरं सांगते. रोज सकाळी पोदेर पाव टाकून गेला की हे फोन घेऊन मागच्या पोफळीच्या कुळागरात जातात. परवा बाल्दी घेऊन मी मागून गेले. पंपाच्या खोलीपाशी उभे होते, भिंतीवर सासऱ्यांनी चुन्याने मोठा ॐ काढला आहे तिथे. मी लांबच एका पोफळीआड थांबले. फोन समोर धरलेला, आतून बाईचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत, पण हसली ते कळलं. आणि विनू, ह्यांनी तिला जीभ काढून दाखवली! मग मान मागे टाकली, पाणी प्यायले, आणि पुन्हा जीभ काढून इकडून तिकडे हलवली. ती म्हणाली, "शाब्बास!" हा एक शब्द मात्र कळला.

इतक्या वर्षांत मला कधी जीभ दाखवली नाही ह्या माणसाने. मला "शाब्बास" म्हणायची संधीही दिली नाही.

माझ्या मते ती पेडण्याची आहे. कारण ह्यांना मध्येच पेडण्याची भाडी लागतात, आणि त्या दिवशी ट्रक रिकामा जातो हे मी शेजारच्या अमोलकडून काढलं. तू तिथेच आहेस. जरा कान उघडे ठेव. ती कोण आहे ते मला शोधून दे.

तुझी,
आनंदी

*

पेडणे,
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय आनंदे,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

माझ्या कामाचं तू कधी विचारलं नाहीस. आमचं संशोधन केंद्र आहे. ज्यांना एचआयव्ही आहे आणि त्यावर क्षयही झाला आहे, अशा माणसांना क्षयाचं औषध कमी महिन्यांत पुरेल का, ते आम्ही तपासून बघतो. याहून जास्त मी कोणालाच सांगत नाही, अगदी माझ्या आईलासुद्धा नाही. आपल्या गोव्यात कोण कोणाचा कोण निघेल याचा नेम नाही, म्हणून आम्हाला तोंडाला कुलूप लावूनच नोकरीवर घेतात.

तेव्हा बाया शोधण्याचं काम मला जमणारं नाही. पण एक नर्स म्हणून विचारते. त्यांचा खोकला कधीपासूनचा? राणी खोकते का? तिचं वजन वाढतं आहे ना? सासूबाईंना संध्याकाळी बारीक ताप येतो का? तुझं काय? खाणीची धूळ एकट्याच्या छातीत बसत नाही गो, कपड्यांवरून घरभर होते. तुम्ही तिघी साखळीच्या आरोग्य केंद्रात जा आणि छातीचा फोटो काढून घे. धुळीसाठी म्हणून सांग.

दुसरं, पडवीत निजण्याचा आणि वेगळ्या ताटाचा अर्थ तू लावलास तेवढाच असतो असं नाही. एखादा माणूस जवळच्यांना जपण्यासाठीही लांब जातो.

आणि तुला राग येईल, पण लिहितेच. तुझं पत्र वाचून मला तुझा हेवा वाटला. जिच्यावर डोळा ठेवून बाल्दी घेऊन मागे जावं, असं कोणी माझ्या वाट्याला आलं नाही. मस्कतमध्ये मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांची बीपी मोजली आणि खोलीवर येऊन एकटीचा भात लावला. तुझ्याकडे भांडायला माणूस आहे. तो जप.

तुझी,
विनोदिनी

*

साखळी,
२० ऑक्टोबर २०२३

प्रिय विनू,

मी तुला सवतीबद्दल लिहिते आणि तू मला सासूच्या तापाबद्दल विचारतेस! नर्स झालीस म्हणजे मैत्रीण राहिलीच नाहीस का? राणी ठणठणीत आहे. सासूबाई आपल्या सगळ्यांना पोचवून मग जातील. छातीचा फोटो कसला काढतेस? माझ्या छातीत काय जळतं आहे ते फोटोत दिसणार आहे का?

आणि "जपण्यासाठी लांब जातो" म्हणे. हे सगळं तू एकटी राहतेस म्हणून सुचतं तुला. संसार करणाऱ्या बाईला विचार, नवरा लांब गेला की कुठे जातो ते.

तू मदत करणार नाहीस हे कळल्यावर मीच उपाय केला. परवा हे आंघोळीला गेले तेव्हा फोन उचलला, बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. अगं, काय शोधाशोध! गादी उलटी केली, ट्रकची सीट काढली, सासूबाईंच्या पानाच्या डब्यातसुद्धा बघितलं. राणीला विचारलं, मला मात्र नाही. मला विचारायला तोंड हवं ना. मी कुलेर घेऊन सोलकढी ढवळत होते आणि आतून इतकी खूश होते की कढीत मीठ दोनदा पडलं.

तेव्हापासून कुळागर बंद आहे. जीभ बंद, शाब्बास बंद. एकदा पंपाच्या खोलीत जाऊन आले, पण लगेच परतले. काल जेवले नाहीत. चेहरा असा, की घरातलं कोणी गेलं आहे. तिच्याशी बोलणं नाही म्हणून एवढं? मी माहेरी राहायला गेले तेव्हा कधी भाताचं एक शीत कमी खाल्लं नव्हतं.

राहू दे तिलाही तळमळत. नवीन फोन घ्यायचं म्हणत होते, तर मी म्हटलं दिवाळीनंतर बघू.

आनंदी

*

पेडणे,
२५ ऑक्टोबर २०२३

आनंदी,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. टपालाने हे उशिरा पोचेल, म्हणून साखळीला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तो संध्याकाळी तुमच्या वाड्यावरच्या दुकानात ठेवील.

फोन आजच्या आज त्यांना दे. चार्ज करून दे. काही विचारू नकोस, टोमणा मारू नकोस, तांदळाच्या डब्याचं सांगू नकोस. सापडला म्हण आणि हातात ठेव.

का, ते मी सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर मी पत्र न लिहिता स्वतः आले असते. आपण मांद्र्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो, त्या नात्याने मागते. तुला माझा कितीही राग आला तरी एवढं कर. हट्ट करू नकोस, आनंदे, हा हट्ट करण्याचा विषय नाही.

विनोदिनी

*

साखळी,
२७ ऑक्टोबर २०२३

विनोदिनी,

प्रिय लिहीत नाही. हे तुझ्याच कंडक्टरच्या हाती पाठवते आहे.

तुझी चिठ्ठी मिळाली. तू कधी हात जोडून काही मागितलं नव्हतंस म्हणून मी घाबरले. फोन काढला, तांदूळ झटकले, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. सकाळी देईन म्हटलं. हे ट्रक धूत होते. पोदेर येऊन गेला आणि फोन वाजला. व्हिडिओवाला. मी विचार केला, बघूया तरी रूप. उचलला आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

"गोकुळदासबाब! अहो, कुठे होता तुम्ही? माझा जीव टांगणीला लागला हो!"

तोंडावर मास्क होता. पण हा आवाज मी ओळखणार नाही? ह्याच आवाजाने मला शाळेत पाढे सांगितले आहेत. मी फोन कापला आणि तिथेच खाली बसले. बाजूला भात करपत होता, तो तसाच करपू दिला.

तुझा जीव टांगणीला लागला! माझ्या नवऱ्यासाठी! आणि मी वेडी, तुलाच पत्र लिहून सांगत होते की ती बाई शोधून दे. काय हसली असशील. पोट धरून हसले असं लिहिलंस ते त्याचसाठी ना? म्हणूनच फोन परत दे, म्हणूनच विचारू नकोस, म्हणूनच वर्षभर माझ्या घरी पाऊल टाकलं नाहीस. कोणत्या तोंडाने टाकणार होतीस? आणि वर मला लिहितेस, तुझा हेवा वाटतो. हेवा वाटला की उचलून घ्यायचं, असं शिकवतात का मस्कतला?

जगात दुसरे पुरुष नव्हते का गो? हा एक खोकणारा, वाळलेला, कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस, तोसुद्धा माझ्याकडे राहू द्यायचा नव्हता?

मी त्यांना काही विचारलेलं नाही. फोन पडवीत ठेवून दिला. ते लगेच कुळागरात धावले. रविवारी मी राणीला घेऊन माहेरी मांद्र्याला जाते आहे, कायमची. दिवाळीचे पोहे तुम्ही दोघं खा.

आनंदी

*

पेडणे,
२८ ऑक्टोबर २०२३

आनंदे,

हेही कंडक्टरकडेच देते, कारण रविवार उद्यावर आला आहे.

मला शिव्या देण्यावर काही बंदी नाही, हव्या तेवढ्या दे. तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि तुझा रागही आला. बाकावर माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याबद्दल असा विचार करू शकते, याचा राग.

मी त्यांची कोण लागते, हे मी सांगायचं नाही. ते सांगण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि तो तुझ्या पडवीत निजतो. तू त्याच्या मागून गेलीस, त्याचा फोन पुरलास, त्याच्या ट्रकची चौकशी शेजाऱ्याकडे केलीस. एक गोष्ट केली नाहीस. त्याच्या समोर बसून विचारलं नाहीस. घर सोडायचं तर सोड, पण आधी विचार. ओरडून विचार, ताट फेकून विचार, सासूबाई ऐकतील तर ऐकू देत. उत्तर मिळाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. उत्तर ऐकून जावंसं वाटलं, तर मांद्र्याला तुझी बॅग मी उचलून नेईन.

आज मी आमच्या डॉक्टरांना सांगून ते काम सोडलं. कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हटलं, ओळखीचं माणूस निघालं. यापुढे त्या फोनवर माझा आवाज येणार नाही. दुसरी मुलगी आहे.

आणि राणीची छाती तपासून घे. मी धूळ धूळ म्हणते आहे, तू धूळच समज. पण घे.

विनू

*

साखळी,
२७ नोव्हेंबर २०२३

विनू,

परवा आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं. मी घरीच आहे.

त्या रविवारी बॅग भरून दारात ठेवली आणि विचारलं. ओरडूनच. तुझं नाव घेऊन विचारलं, "ती विनोदिनी तुमची कोण?" ते भांबावले. म्हणाले, "खंयची विनोदिनी? ती गोळ्यांची बाय?" त्यांना तुझं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. तू माझी मैत्रीण हे ऐकल्यावर तर डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "आनंदी, म्हाका क्षय जाला. आनी ताचे फाटल्यान दुसरेंय आसा." ते दुसरं काय, हा शब्द तोंडातून यायला त्यांना फार वेळ लागला.

विनू, मी मनात ठरवलं होतं, ती बाई सापडली की झिंज्या धरून तिला साखळीच्या बाजारातून ओढत नेईन. आता ह्या आजाराच्या झिंज्या कुठे धरू?

मी खरंच ताट फेकलं. तू सुचवलंस म्हणून नाही, हाताशी होतं म्हणून. ते दुखणं त्यांना कधी आणि कसं लागलं, तेही विचारलं. त्याचं उत्तर ऐकून आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तुला माहीत असेल तर असू दे, नसेल तर माझ्याकडून कळणार नाही. बॅग दारातच होती. सासूबाई रोज तिला वळसा घालून जायच्या.

फोन लपवला तेव्हा त्यांनी गोळ्याच घेतल्या नव्हत्या, माहीत आहे? पंपाच्या खोलीत डबा होता, हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणे, बाईने बघितल्याशिवाय घेतलेली गोळी धरत नाहीत, उगाच कशाला खोटेपणा. एवढं प्रामाणिक माणूस आणि घरात एवढं मोठं खोटं! मी तांदळाच्या डब्याचं सांगितलं. माझ्या हट्टाने त्यांचा जीव गेला असता; आता रोज मीच त्यांचा गोळ्यांचा डबा उघडून बघते.

तुमच्या केंद्रात आम्ही सगळे येऊन गेलो. तू त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतलीस ते कळलं मला. राणीची आणि सासूबाईंची छाती साफ आहे. माझ्यात क्षय नाही, आणि दुसरंही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. राणीला डॉक्टरांनी आधीच सावधगिरी म्हणून गोळ्या दिल्या. माझा निकाल सांगितला तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. ती तुमची नवी मुलगी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. तेही मला आवडलं नाही. स्वभावाला औषध तुमच्या केंद्रात मिळत असेल तर कळव.

पण खरी जळजळ कशाची आहे, सांगू? तू त्यांना माझ्याकडून चोरलं नाहीस हे पटलं. तरी जळते. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भीतीची गोष्ट त्यांनी आधी तुला सांगितली. मी शेजारी होते, त्यांचे कपडे धूत होते, त्यांच्या खोकल्याला आल्याचा काढा करत होते, आणि मला माहीत नव्हतं. कुठल्या तरी परक्या खोलीत, तोंडाला फडकं बांधलेल्या बाईला त्यांनी ते सांगितलं, आणि ती बाई तू होतीस. बाहेरख्याली निघाले असते तर मला एवढं लागलं नसतं, असं कधी कधी वाटतं. मग स्वतःचीच लाज वाटते.

बॅग काल उपसली. एवढंच.

आनंदी

*

पेडणे,
२ डिसेंबर २०२३

प्रिय आनंदे,

तुझी बॅग उपसली हे वाचून माझा भात आज पहिल्यांदा चवीचा लागला.

काल ते केंद्रात आले होते. मला शोधत आले आणि म्हणाले, आता माझ्या बायकोला माझ्याबद्दल काय हवं ते सांगा. म्हणून पहिल्यांदा मोकळेपणी लिहिते. मी त्यांना तुझा नवरा म्हणून ओळखलं नव्हतं. तुझ्या तोंडी ते कायम दासू, माझ्यासमोर ते गोकुळदास. तुझ्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांमागे निम्मा चेहरा, आणि आमच्याकडे आले तेव्हा तो चेहराही राहिला नव्हता. तुझं पहिलं पत्र दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा भिंतीवरच्या ॐपाशी अडले आणि ओळखलं. गोळी खरंच गिळली ना, हे बघायला मी रोज सकाळी फोनवर जीभ दाखवायला सांगायचे, तेव्हा त्यांच्या खांद्यामागे तो ॐ दिसायचा.

आणि तू ज्याच्यावर जळतेस ते तरी काय गो? भीती सांगायला परकं माणूस सोपं असतं. मी हसले नाही, रडले नाही, ताट फेकलं नाही, कारण मला गमावण्यासारखं काही नव्हतं. माझ्याऐवजी खुर्ची असती तरी चाललं असतं.

मला मात्र एक गोष्ट अजून कळलेली नाही, आणि ती मनातून जात नाही. आम्ही पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारतो, घरी कोण कोण आहे. घरच्यांची तपासणी करायची असते, औषध घेतो की नाही बघणारं कोणी हवं असतं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "घरी कोणी नाही." मी पुन्हा विचारलं, बायको, मूल, आई? तर म्हणाले, कोणीच नाही. मला त्यांची दया आली होती. एकटीला एकट्याची येते तशी. आणि तुझी पत्रं वाचली तेव्हा कळलं, तुम्ही तिघी आहात. एवढं भरलेलं घर त्यांनी का पुसून टाकलं? काल विचारीन म्हटलं, पण धीर झाला नाही. तुला काही बोलले का?

तुझी,
विनू

*

साखळी,
७ डिसेंबर २०२३

प्रिय विनू,

हो, बोलले.

हे वाक्य मला त्यांच्याकडूनच कळलं होतं, बॅग दारात असतानाच. तुझ्याबद्दलच्या संशयापेक्षा ते जास्त झोंबलं. घरी कोणी नाही! मी त्यांना पडवीत बसवलं आणि विचारलं, असं का सांगितलंत? तुमच्या केंद्राने त्यांना शंभर प्रश्न विचारले असतील, हा एक राहिला होता. तो माझ्या वाट्याचा होता.

 मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यांदा मलाच. ते ऐकल्यावरच मी बॅग उपसली.

काय सांगितलं, ते तुला सांगणार नाही.

तुझी,
आनंदी